गुदौरीच्या बर्फातली नथ

शनिवारी सकाळी दारावरची बेल वाजली तेव्हा नंदू सामंत दुसऱ्यांदा चहा टाकत होता. सुट्टीचा दिवस, बायको खुशीत, कढईत पोहे तयार. अशा वेळी कोणी टपकू नये एवढीच त्याची माफक अपेक्षा होती. पण दारात मुदस्सिर परकार उभा होता आणि त्याचा चेहरा पार उतरला होता.

मुदस्सिर मूळचा रत्नागिरीचा. दोह्यातल्या अल मुंतझा भागातच, सामंतांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्याचं ट्रॅव्हलचं दुकान होतं. हिवाळ्यात तो इथल्या मराठी कुटुंबांना जॉर्जियातल्या गुदौरीला, बर्फावर घसरायला घेऊन जायचा. बाराही महिने वाळू बघणाऱ्या माणसांना बर्फाचं भारी वेड, त्यामुळे धंदा बरा चालायचा.

"नंदूभाऊ, उल्काताई आहेत ना घरात?"

मित्र नंदूचा, काम मात्र उल्काकडे. याची नंदूला आता सवय झाली होती. उल्कानं बरीच वर्षं विमा कंपनीत खोटे दावे पकडले होते आणि आता ती स्वतंत्रपणे लोकांच्या खाजगी चौकशा करून देत असे. नंदू गॅस कंपनीत इंजिनिअर. बायकोच्या कामात त्याच्याकडे दोन जबाबदाऱ्या होत्या: गाडी चालवणं आणि चुकीचे तर्क लढवणं. दुसरी तो अगदी मन लावून पार पाडायचा.

मुदस्सिरच्या मागून त्याची धाकटी बहीण मरियम आत आली. तिला पाहून नंदूला हसूच फुटलं. नाक, गाल, हनुवटी भाजून तांबूस-काळी झालेली, आणि डोळ्यांभोवती पांढरेफटक डाग.

"अगं, हे काय ध्यान!"

"गॉगलचे डाग आहेत, नंदूभाऊ," मरियम म्हणाली. ती मात्र हसली नाही. "तिथे सगळे दिवस नुसतं ढग आणि बर्फ. शेवटच्या दिवशी ऊन पडलं, तशी सगळी मंडळी वर पळाली. दोह्यातली माणसं, थंडीतल्या उन्हाला कोण भीक घालतंय! क्रीम कोणीच लावलं नाही. सगळ्यांची तोंडं अशीच झालीत."

"बस," उल्का म्हणाली. "आणि पहिल्यापासून सांग."

हकिगत अशी होती. यंदा मुदस्सिरच्या गटात करंदीकर कुटुंब होतं. देवव्रत करंदीकर हे मोठे अधिकारी, पत्नी आसावरी, मुलगी नुपूर, आणि देवव्रतांच्या ऑफिसातला गिरीश. मरियम गटाची व्यवस्था बघायला बरोबर होती. संक्रांत तिथेच आली, म्हणून आसावरीनं हॉटेलात हळदीकुंकू केलं. काळी पैठणी, बर्फात फोटो, आणि नाकात सासूबाईंची बसरा मोत्यांची नथ. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, सगळे वर गेले. संध्याकाळी सामान आवरताना पाहतात तर नथेची डबी रिकामी.

"आणि आळ माझ्यावर," मरियम म्हणाली. "सगळ्या खोल्यांची जादा कार्डं माझ्याकडे होती. त्यात दुपारी मी करंदीकरांच्या खोलीत गेलेही होते."

"का?"

"नुपूरचे हातमोजे भिजले. कोरडे आणून दे म्हणाली. मी दार उघडलं, हीटरवरचे मोजे उचलले आणि निघाले. आत न्हाणीघरात नळ चालू होता. मला वाटलं, साफसफाईवाली असेल. हे सांगितलं तर करंदीकर काका म्हणाले, रचून सांगतेस. सफाईवाल्या बाईनं सांगितलं की त्या मजल्यावर ती दुपारी गेलीच नव्हती."

"सामान तपासलं होतं?"

"सगळ्यांचं," मुदस्सिर म्हणाला. "करंदीकरांनी स्वतःचंसुद्धा उघडून दाखवलं. नथ कुठेच नाही. पण ताई, खरी गोष्ट पुढेच आहे. अल गराफाच्या शाळेत मरियमची शिक्षिका म्हणून नेमणूक झालीय, उद्या रविवारी, आठवड्याच्या पहिल्याच दिवशी हजर व्हायचं. काल करंदीकरांनी त्या प्रिन्सिपल बाईंना फोन करून सांगितलं की हिला घेऊ नका. आणि नथ मिळाली नाही तर उद्या पोलिसात जातो म्हणालेत. एकदा पोलिसांकडे नाव गेलं की चारित्र्याचा दाखला गेला, नोकरी गेली, खलास! अल्लाशपथ सांगतो ताई, माझी बहीण दुसऱ्याच्या सुईलाही हात लावणार नाही."

"तुझी शपथ मला नको," उल्का म्हणाली, आणि मरियमकडे वळली. "तुला काय हवंय? प्रकरण मिटायला हवं की खरं कळायला हवं?"

"खरं कळायला हवं," मरियम ताबडतोब म्हणाली. "मिटवायला भाईजान कालच तयार होते. मी नाही म्हटलं."

उल्कानं नंदूकडे पाहिलं. नंदूनं पोह्यांकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली घेतली.

करंदीकर द पर्ल नावाच्या कृत्रिम बेटावर राहत होते. बाल्कनीतून बोटी दिसतात अशा जागेत. दार नुपूरनं उघडलं. विशीतली मुलगी, आणि चेहरा मरियमसारखाच, उन्हानं भाजलेला, डोळ्यांभोवती पांढरा. "आय नो, आय नो, रिव्हर्स पांडा," नंदू काही बोलायच्या आत ती म्हणाली.

देवव्रत सोफ्यावर ताठ बसले होते. त्यांच्याही नाकाची सालं निघत होती, त्यामुळे त्यांचा रुबाब थोडा कमी झाला होता एवढंच.

"सामंत मॅडम, तुम्ही आलात ते ठीक. पण मी ठाम आहे. खोलीची कार्डं फक्त तीन. एक माझ्या खिशात, एक नुपूरकडे, आणि तिसरं त्या मुलीकडे."

"वहिनींकडे नव्हतं?"

"ती कायम आमच्याबरोबरच. त्या दिवशी सकाळी मी, नुपूर आणि गिरीश स्कीईंगला उंच उतारावर गेलो. ही गंडोल्याच्या, म्हणजे तारेवरच्या पाळण्यानं वरच्या कॅफेत बसायला म्हणून निघाली. मी कार्ड तिला दिलं आणि संध्याकाळी परत घेतलं."

"म्हणजे दिवसभर एक कार्ड वहिनींकडे होतं."

देवव्रतांना ते बोलणं आवडलं नाही. "माझ्या बायकोनं स्वतःचीच नथ चोरली, असं म्हणायचंय का तुम्हाला? अहो, ती नथ आम्हाला पुण्याला न्यायची आहे. फेब्रुवारीत माझ्या ताईच्या मुलीचं लग्न आहे. आईची नथ भाचीला द्यायची, असा शब्द मी दिलाय ताईला. आता तिला कोणत्या तोंडानं सांगू?"

गिरीशला देवव्रतांनी बोलावूनच ठेवलं होतं. हा सडाफटिंग माणूस, गुडघ्याला पट्टी बांधून लंगडत आला. तोंडावर तेच गॉगलचं नक्षीकाम. दुपारी तो उतारावर आपटला होता आणि सगळ्यांच्या आधी हॉटेलात परतला होता. हे ऐकताच नंदूनं उल्काला कोपर मारलं. उल्कानं तिकडे लक्षच दिलं नाही.

"परतल्यावर कुठे होतात?"

"खाली लॉबीत, गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून. बाहेर एवढा बर्फ, आणि हॉटेलवाल्यानं पिशवी फ्रिजमधून दिली."

"कोणी दिसलं?"

"मरियम दिसली. धावत वर गेली आणि लगेच मोजे घेऊन खाली आली. मला विचारलंसुद्धा, फार लागलं का म्हणून. खरं सांगू? चोरी करून आलेलं माणूस असं थांबून विचारपूस करत नाही. पण साहेबांपुढे कोण बोलणार!" शेवटचं वाक्य त्यानं हळूच म्हटलं.

मग नुपूर. ती मराठी ऐकायची आणि इंग्रजीत उत्तरं द्यायची, पण खाण्याचा विषय निघाला तशी गाडी मराठीवर आली. विषय अर्थातच नंदूनं काढला होता.

"आईनं एवढं खायला घेतलं होतं ना, काका! घाट चढताना चकलीचं पाकीट फुगत फुगत गेलं आणि फटाक्! बाबांना वाटलं टायर फुटला. त्यांनी ड्रायव्हरला थांबवलं, सगळे खाली उतरले, अँड इट वॉज चकली!"

नंदू पोट धरून हसला. उल्का हसली नाही.

"मरियमनं घेतली असेल असं तुला वाटतं?"

नुपूरनं नकारार्थी मान हलवली. "मोजे आणायला मी पाठवलं तिला. मी पाठवलं नसतं तर ती गेलीच नसती. बाबा ऐकतच नाहीत."

आसावरी स्वयंपाकघरात होती. नाकीडोळी नीटस, बोलणं मऊ, आणि चेहरा कसा नितळ, गोरापान. या कोरड्या हवेतही ही बाई अशी टवटवीत कशी राहते, असं नंदूला वाटून गेलं. आपल्या बायकोला हे बोलून दाखवणं बरं नव्हे, एवढी अक्कल त्याला लग्नानंतर आली होती.

"काय सांगू तुम्हाला," आसावरी म्हणाली. "दिवसभर वर उन्हात बसले. कॅफेच्या बाहेर खुर्च्या टाकलेल्या असतात ना, तिथे. इतकं छान ऊन! मी तरी कुठे क्रीम लावलं? भान कोणाला होतं? खाली आले आणि पाहते तर डबी रिकामी."

"नथ तुमच्या सासूबाईंची?"

"हो. शेवटची सहा वर्षं त्या माझ्यापाशीच होत्या. अंथरुणावर. सगळं मीच केलं. असो. गेली ती गेली. मी यांना म्हणतेय, पोलीस नको, विसरून जाऊ. पण ऐकतील तर शपथ!"

ओट्यावर प्लॅस्टिकची एक मोठी फिरकीच्या झाकणाची बरणी होती, आत तिळगुळाचे लाडू. नंदूचा हात आपोआप तिकडे गेला. बरणीच्या दोन्ही कुशी आत गेल्या होत्या, मोठे खड्डेच पडले होते.

"विमानतळावर बॅगा कशा आपटतात बघा," तो म्हणाला.

"नका हो, ती मंडळाच्या हळदीकुंकवाला ठेवलीय," म्हणत आसावरीनं बरणी पलीकडे सरकवली आणि चिवड्याची वाटी त्याच्या पुढ्यात ठेवली.

"तिळगूळ इथेच केलात वाटतं?" उल्कानं सहज विचारलं.

"जायच्या आधी केला. दोन बरण्या नेल्या. एक तिथे वाटली. ही उघडायची वेळच आली नाही. इथे झाकणाला चिकटपट्टी लावली ती तशीच आहे. चेक-इनच्या बॅगेतून गेली आणि आली. काल बॅग उघडून ओट्यावर ठेवली."

चिवडा छान होता. नंदूनं वाटी संपवली आणि दोघं खाली आली.

खाली धक्क्यावर बाकावर बसून नंदूनं आपला निकाल सांगून टाकला. "गिरीश! गुडघ्याचं नाटक. पट्टीत नथ. कोण बघतंय पट्टी सोडून?"

"गिरीशकडे कार्ड होतं?"

"नव्हतं," नंदू खट्टू होऊन म्हणाला. "मग नुपूर. तिला लग्नबिग्न नकोय, नथ दिसली की आई मागे लागते..."

"नथ भाचीला जाणार आहे, नंदू. नुपूरला नाही." उल्का पाण्याकडे पाहत होती. "मला एक सांग, तू प्लँटवर दिवसभर काय करतोस?"

"हा काय प्रश्न झाला? टाक्यांमधला दाब सांभाळतो."

"मग चकलीचं पाकीट का फुटलं?"

"सोपं आहे. इथे समुद्राच्या पातळीवर बंद केलं, वर डोंगरात बाहेरचा दाब कमी, आतली हवा..." बोलता बोलता नंदू थांबला. त्याच्या तोंडाचा आ तसाच राहिला. "अरे देवा! बरणी!"

"मुदस्सिरला फोन कर. मरियमला घेऊन ये म्हणावं. यल्ला, ऊठ."

करंदीकरांच्या दिवाणखान्यात सगळे जमले तेव्हा देवव्रतांच्या कपाळावर आठ्या होत्या. मरियम दाराजवळ उभी होती. तिला बस म्हणायचं कोणाला सुचलं नाही, शेवटी नुपूरनं खुर्ची ओढून दिली.

"मला पोलिसांकडे जायला उशीर होतोय..." देवव्रतांनी सुरुवात केली.

"जाऊ नका, पस्तावाल," उल्का म्हणाली. "आधी सगळ्यांची तोंडं बघा. तुम्ही, नुपूर, गिरीश, मरियम. सगळे भाजलेत, कारण गुदौरीत एकच दिवस ऊन पडलं आणि क्रीम कोणी लावलं नाही. वहिनीही म्हणतात की त्यांनी क्रीम लावलं नाही आणि दिवसभर उन्हात बसल्या. बर्फावरून परतणारं ऊन खालून, वरून, चहूकडून लागतं. मग त्यांच्या चेहऱ्यावर साधी लालीसुद्धा का नाही?"

सगळे आसावरीकडे वळले. नंदूला स्वतःच्या कपाळावर हात मारावासा वाटला. टवटवीत म्हणे!

"म्हणजे त्या दिवशी वहिनी वर गेल्याच नाहीत. कार्ड त्यांच्याकडे होतं, त्या खोलीत होत्या. दुपारी दार वाजलं, तशा न्हाणीघरात शिरल्या आणि नळ सोडला. मरियमनं ऐकला तो नळ हाच. सफाईवाली तिथे नव्हतीच, ती खरंच बोलली. मरियमही खरंच बोलली."

"माझं डोकं दुखत होतं," आसावरी घाईघाईनं म्हणाली. "मी पडून होते. उगाच यांचा विरस नको म्हणून बोलले नाही. म्हणून काय मी नथ चोरली? माझ्या सगळ्या बॅगा तपासल्यात यांनी!"

"बॅगा तपासल्या. बंद बरणी कोणी उघडली नाही." उल्का आत गेली आणि ओट्यावरची बरणी घेऊन आली. "नंदू, आता तुझं काम."

नंदूनं घसा साफ केला. असा मान त्याला क्वचितच मिळत असे. "ही बरणी दोह्यात बंद केली असती आणि उघडलीच नसती, तर वर डोंगरात ती फुगली असती, तुमच्या चकलीसारखी. आणि इथे परत आल्यावर होती तशी झाली असती. पण हिच्या कुशी आत ओढल्या गेल्यात. म्हणजे हिच्यात हवा भरलीय ती विरळ, डोंगरावरची. इथल्या हवेनं तिला बाहेरून दाबलंय. ही बरणी गुदौरीत उघडून पुन्हा बंद केलीय."

"फुगल्यावर झाकणातून थोडी हवा निसटली असेल," गिरीश म्हणाला.

"ज्या फटीतून निसटली, तिच्यातूनच इथे परत आत आली असती. कालपासून बरणी ओट्यावर आहे. कुशी भरून आल्या असत्या."

"विमानात उघडली असेल मग. तिथेही दाब कमीच असतो."

"चेक-इनच्या बॅगेत होती," उल्का म्हणाली. "वहिनींनीच सांगितलं. वहिनी, उघडू?"

उल्कानं चिकटपट्टी सोडवली, झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत शिरली आणि बरणीच्या कुशी टपकन बाहेर आल्या. नंदूनं लाडू एकेक करून ताटात काढले. तळाशी हळदीकुंकवाच्या रुमालात गुंडाळलेली नथ होती. बसरा मोती तिळाच्या कुटानं माखले होते.

उल्कानं नथ रुमालासकट देवव्रतांपुढे ठेवली.

"मला ती फक्त हरवायची होती," आसावरी म्हणाली. "बर्फात पडली असेल, असं सगळे म्हणतील असं वाटलं मला. यांनी तासाभरात चोर शोधून काढला. सासूबाईंनी ती स्वतःच्या हातानं मला दिली होती. खोलीत आम्ही दोघीच होतो. ताई म्हणाल्या, पुरावा काय?"

"नथ हवी होती तर मला सांगायचं," देवव्रत म्हणाले.

"ताईंना शब्द देताना तुम्ही मला विचारलंत?"

देवव्रतांनी मान खाली घातली.

"ते तुमच्या घरातलं झालं, काकू," मरियम म्हणाली. ती उभी राहिली होती. "माझं काय? तुम्ही दाराआड होतात. मी फक्त मोजे उचलले, हे जगात एका माणसाला माहीत होतं. आणि तो माणूस चार दिवस गप्प बसला."

आसावरी रडू लागली. "चुकलं गं माझं. माफ कर मला."

"मी आत्ता प्रिन्सिपल बाईंना फोन करतो," देवव्रत म्हणाले. "नथ सापडली, गैरसमज झाला होता, असं सांगतो. संपला विषय."

"नाही संपत," मरियम म्हणाली. "नथ सापडली एवढंच कळलं तर लोक म्हणतील, भिऊन हिनंच आणून ठेवली. मला फोन नको. काकूंनी उद्या शाळेत यावं आणि काय झालं ते स्वतःच्या तोंडानं सांगावं. माझ्यासमोर."

"अगं, पण तिथे सगळे ओळखीचे..." देवव्रत पुटपुटले. "आमचीही काही इज्जत आहे."

"माझी नव्हती?"

मुदस्सिरनं तिला आवरायला हात पुढे केला. उल्कानं नुसत्या नजरेनं त्याला थांबवलं.

आसावरीनं पदरानं डोळे पुसले. नवऱ्याकडे तिनं पाहिलं नाही. "येते मी," ती म्हणाली. "गेटपाशी थांब."

रविवारी सकाळी नंदूनं ऑफिसला उशिरा येतो म्हणून कळवलं आणि परकार भावंडांना घेऊन अल गराफाला गेला. मरियम गेटपाशी उभी राहिली. मुलांच्या बसगाड्या येऊन गेल्या, घंटा झाली, आणि मुदस्सिरला धीर धरवेना. "येत नाही ती, नंदूभाऊ. मोठ्या घरची बाई."

तेवढ्यात टॅक्सी थांबली. आसावरी एकटीच उतरली. दोघी बरोबरच आत गेल्या.

बऱ्याच वेळानं आसावरी बाहेर आली. डोळे सुजले होते, पण चाल ताठ होती. मरियम बरोबर नव्हती. मुदस्सिर धावत पुढे गेला.

"वहिनी, मरियम कुठाय?"

"तिला तिसरीच्या वर्गावर पाठवलं," आसावरी म्हणाली. "एक बाई आज आल्या नव्हत्या."